हिशोबाने यातून वीज जायला पाहिजे होती, पण जात नव्हती. पीएचडी नसलेल्या नेव्हिल मॉट यांनी हे कोडं आयुष्यभर सोडलं नाही

सातारा किंवा सांगलीच्या एखाद्या कॉलेजातून फिजिक्समध्ये एमएस्सी केलेलं पोरगं गाठा आणि विचारा, पुढं रिसर्च कशात करणार? बऱ्याचदा उत्तर येतं, थिन फिल्म. शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यात, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत, हा विषय चांगलाच मुरलाय. तापवलेल्या काचेवर धातूच्या क्षाराचं द्रावण फवारायचं, की काचेवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. टंगस्टन ऑक्साइड, मँगनीज ऑक्साइड, निकेल ऑक्साइड. मग त्यातून करंट किती जातो, रंग बदलतो का, गॅस ओळखतो का, चार्ज साठवतो का, हे मोजायचं.

यातलं निकेल ऑक्साइड दिसायला अगदी साधं, फिकट हिरवी पावडर. पण याच पावडरीने १९३०च्या दशकात युरोपातल्या भल्याभल्या फिजिक्सवाल्यांना घाम फोडला होता. कारण त्या काळच्या नव्याकोऱ्या थिअरीप्रमाणे यातून वीज जायला पाहिजे होती. आणि ती जात नव्हती.

हे कोडं ज्यांच्या नावाने आज पाठ्यपुस्तकात आहे, ते सर नेव्हिल मॉट. १९७७ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं, पण आपल्याकडं आइनस्टाइन, बोर यांच्या गर्दीत हे नाव मागं राहिलं. म्हणून हा गडी नेमका कोण होता ते बघू.

नेव्हिल फ्रान्सिस मॉट यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०५ चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा. त्यांचे आईवडील दोघंही केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करत होते आणि त्यांची ओळखही तिथंच झाली. तिथले प्रमुख होते जे. जे. थॉमसन, ज्यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला. म्हणजे इलेक्ट्रॉनचा विषय यांच्या घरातच होता म्हणायला हरकत नाही. वडील पुढं शिक्षक झाले. पोराला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत शाळेत घातलंच नाही, आईने घरी शिकवलं. त्यानंतर ब्रिस्टलची क्लिफ्टन शाळा, मग केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज.

१९२७ ला डिग्री हातात आली तेव्हा क्वांटम मेकॅनिक्स जेमतेम दोन वर्षांचं होतं. मॉट १९२८ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले, मग वर्षभर मँचेस्टरला विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्याकडे शिकवलं, मग परत केंब्रिज. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट राहिली ती राहिलीच, पीएचडी. त्यांनी ती कधीच केली नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये ते चालून जायचं. आज नेट-सेटच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये.

केंब्रिजला असताना त्यांनी एक हिशोब मांडला. हेलियमच्या वायूवर हेलियमचीच अणुकेंद्रकं मारली तर ४५ अंशाच्या कोनात जुन्या हिशोबाच्या दुप्पट कण सापडायला हवेत, कारण मारणारा कण कुठला आणि मार खाणारा कुठला हे क्वांटमच्या जगात ओळखताच येत नाही. जेम्स चॅडविक यांनी प्रयोग करून बघितला. दुप्पट निघाले. मॉट तेव्हा पंचविशीच्या आसपास होते.

१९३३ मध्ये, तिशीच्या आतच, ते ब्रिस्टल विद्यापीठात प्रोफेसर झाले. इथं त्यांची गाडी वेगळ्या रुळावर आली. तोपर्यंत ते अणूंच्या टकरींचं गणित करत होते. ब्रिस्टलमध्ये हॅरी जोन्स नावाचे सहकारी आधीपासून धातूंवर काम करत होते. त्यांच्यामुळे मॉट यांना कळलं की रोजच्या हातातल्या वस्तूंमध्ये, तांब्याच्या तारेत, मिठाच्या खड्यात, फोटोच्या रोलमध्ये, न सुटलेलं फिजिक्स ढिगाने पडलंय. तेव्हाचे हुशार लोक अणुकेंद्रकाच्या मागं लागले होते. मॉट यांनी उलटी वाट धरली.

आता त्या ब्रिस्टलमध्ये आणखी कोण कोण होतं बघा. बर्नार्ड लोव्हेल नावाचा एक विद्यार्थी धातूच्या अतिपातळ थरांमधून वीज कशी जाते यावर पीएचडी करत होता. याच लोव्हेल यांनी पुढं जॉड्रेल बँकची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभारली. आणि हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेला एक तरुण मॉट यांच्या हाताखाली पीएचडी करत होता. त्याचं नाव क्लाउस फुक्स.

हो, तोच फुक्स. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातली गुपितं सोव्हिएत रशियाला पुरवणारा, १९५० मध्ये पकडला जाऊन १४ वर्षांची शिक्षा झालेला गुप्तहेर. पण फिजिक्सवाले त्याला आणखी एका कारणाने ओळखतात. १९३८ मध्ये त्याचा एक पेपर छापून आला. धातूचा थर पातळ होत गेला की इलेक्ट्रॉन सारखे वरच्या-खालच्या पृष्ठभागावर आपटतात, त्यामुळे थराचा रोध वाढतो, आणि तो किती वाढतो याचं सूत्र त्यात होतं. आजही थिन फिल्मच्या लॅबमध्ये हे सूत्र फुक्सच्या नावाने वापरलं जातं. हेरगिरीचा खटला वेगळा, सूत्र वेगळं.

तर मूळ कोड्याकडं येऊ.

धातूतून वीज जाते आणि हिऱ्यातून किंवा मिठातून जात नाही, असं का? याचं पक्कं उत्तर १९३१ मध्ये केंब्रिजच्याच ॲलन विल्सन यांनी दिलं होतं. सातारा-सांगली एसटी डोळ्यासमोर आणा. दोन माणसांची एक सीट. गाडीतल्या सगळ्या सीटवर दोन-दोन माणसं बसलीत, तर कुणाला जागा बदलताच येणार नाही. ही झाली वीज न जाणारी वस्तू. गाडीत जागा रिकाम्या असतील, तर माणसं इकडून तिकडं सरकू शकतात. ही झाली वीज जाणारी वस्तू, म्हणजे धातू. सीट किती भरल्यात ते मोजा आणि सांगा, इतका सोपा नियम. आणि तो बहुतेक ठिकाणी बरोबर यायचा.

१९३७ मध्ये ब्रिस्टलला एक परिषद भरली. तिथं हॉलंडच्या फिलिप्स कंपनीतून दोन माणसं आली होती, डी बूर आणि व्हर्वे. त्यांनी निकेल ऑक्साइडसारख्या काही ऑक्साइडची उदाहरणं पुढं ठेवली. निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लोखंड, व्हॅनेडियम हे संक्रमण धातू. त्यांच्या अणूतली इलेक्ट्रॉनची एक आतली पातळी अर्धवट भरलेली असते. म्हणजे गाडीत जागा रिकाम्या आहेत. नियमाप्रमाणे वीज वाहायला हवी. पण शुद्ध निकेल ऑक्साइड कसलेला विद्युतरोधक. करंट जवळपास शून्य.

नियम चुकला होता. आणि थोडाथोडका नाही, पार उलटा निघाला होता.

चर्चेत रुडॉल्फ पायर्ल्स यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवलं. विल्सन यांचा नियम प्रत्येक इलेक्ट्रॉनचा सुटा-सुटा हिशोब करतो. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्याचं काय? परत एसटीत या. प्रत्येक सीटवर एकच माणूस, खिडकी पकडून बसलाय. अर्धी गाडी रिकामी आहे. सरकायला जागा आहे, मनाई कुणाचीच नाही. पण जागा बदलायची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचं, आणि अनोळखी माणसाला चिकटून बसायला कोण उठणार? सगळे जिथल्या तिथं. गाडी अर्धी रिकामी असूनही आत हालचाल बंद.

मॉट यांनी पायर्ल्स यांचा हा मुद्दा शब्दांत मांडून, त्याचं श्रेय पायर्ल्स यांना देऊन छापला. हे मुद्दाम सांगायचं कारण, आज ही कल्पना मॉट यांच्या नावाने ओळखली जाते, पण पहिली ठिणगी पायर्ल्स यांची होती. मॉट यांचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. बाकीचे परिषद संपवून घरी गेले. मॉट यांनी ते कोडं डोक्यातून जाऊ दिलं नाही.

अर्थात लगेच काही झालं नाही. रोनाल्ड गर्नी यांच्यासोबत त्यांनी फोटोच्या फिल्मवर प्रकाश पडल्यावर आत नेमकं काय होतं ते १९३८ मध्ये समजावलं. मग महायुद्ध आलं. मॉट लष्करासाठी विमानविरोधी तोफांचं आणि स्फोटात होणाऱ्या तुकड्यांचं गणित करत बसले. युद्ध संपलं, ते ब्रिस्टलला परतले, आणि १९४९ साल उजाडलं.

या एका वर्षात त्यांचे दोन पेपर आले. दोन्ही ऑक्साइडच्या गोष्टीशी जोडलेले, पण दोन वेगळ्या बाजूंनी.

पहिल्यात त्यांनी निकेल ऑक्साइडचं कोडं पुढं नेलं. समजा एखाद्या धातूतले अणू हळूहळू एकमेकांपासून लांब नेले, तर काय होईल? जुनी थिअरी म्हणते, वीज कमी-कमी होत जाईल, पण पूर्ण बंद पडणार नाही. मॉट म्हणाले, तसं नाही. एका ठराविक अंतराला धातूपणा अचानक संपेल आणि पदार्थ विद्युतरोधक होईल. अणू जवळ असले तर इलेक्ट्रॉनला उडी मारणं स्वस्त पडतं, म्हणून ते भांडण विसरून हिंडतात. अणू लांब गेले की भांडण जिंकतं. या अचानक होणाऱ्या बदलाला आज मॉट संक्रमण म्हणतात आणि निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थांना मॉट विद्युतरोधक.

दुसरा पेपर तर थेट आपल्या स्वयंपाकघरातला आहे. निकोलास काब्रेरा हे त्यातले जोडीदार. स्पेनच्या नामांकित शास्त्रज्ञाचा मुलगा, स्पॅनिश यादवीमुळे देश सुटलेला. प्रश्न असा होता: किर्लोस्करवाडीत १९१० पासून ज्या प्रकारचे लोखंडी नांगर बनले, त्या लोखंडाला पावसाळ्यात गंज चढतो आणि तो आत आत जात राहतो. पण स्टेनलेस स्टीलचा डबा वर्षानुवर्षं तसाच. का? कारण स्टीलमधल्या क्रोमियमवर ऑक्साइडचा एक थर चढतो आणि एक ते तीन नॅनोमीटरवर थांबतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो.

तो थर आपोआप थांबतो कसा, हे काब्रेरा आणि मॉट यांनी सांगितलं. धातूतले इलेक्ट्रॉन त्या पातळ थराच्या आरपार जाऊन वर चिकटलेल्या ऑक्सिजनकडे पोचतात. भिंत इतकी पातळ असते की क्वांटमच्या नियमाने ते तिच्यातून पार होतात. आता वर ऋण भार, खाली धन भार. व्होल्टेज फार नसतं, एखादा व्होल्ट. पण अंतर इतकं कमी की सेंटीमीटरच्या हिशोबात ते जवळपास १ कोटी व्होल्ट होतं. एवढ्या ओढीने धातूचे आयन उपटून वर येतात आणि थर वाढतो. थर वाढला की तेवढाच व्होल्ट जास्त जाडीवर विभागला जातो, ओढ कमी होते, आणि काही नॅनोमीटरवर काम जवळपास ठप्प. घासून चरा पाडला तरी लगेच नवा थर येतो. डब्याचं आयुष्य या एका व्होल्टवर उभं आहे.

त्यामुळे पातळ ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात हा विषय कुणा एकाचा म्हणायचाच झाला, तर तो याच माणसाचा. पण मॉट यांनाही तेव्हा कल्पना नसेल की हे दोन धागे पुढं एकत्र येणार आहेत.

१९५४ मध्ये मॉट कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. आईवडील जिथं भेटले त्या लॅबची खुर्ची. तिथं गेल्यावर त्यांनी एक निर्णय घेतला ज्याने बरेच लोक दुखावले. अणुकेंद्रकाच्या संशोधनासाठी मोठा त्वरक बांधायचं ठरलं होतं. मॉट यांनी तो प्रकल्प बंद केला. ज्या लॅबमध्ये रदरफोर्ड यांनी राज्य केलं, तिथं अणुकेंद्रकाला मागं सारायचं म्हणजे साताऱ्यात राहून कंदी पेढ्याला नावं ठेवण्यासारखं होतं. पण त्यांचं गणित सरळ होतं: एवढा पैसा एका विद्यापीठाच्या आवाक्यातला नाही. पुढच्या काळात कॅव्हेंडिशचं नाव घनपदार्थांच्या फिजिक्समध्ये झालं, त्यामुळे निर्णय चुकला असं म्हणता येत नाही.

इकडं कोड्याला प्रयोगाचा आधार मिळायला लागला. १९५९ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये एफ. जे. मोरिन यांनी व्हॅनेडियमच्या ऑक्साइडमध्ये गंमत बघितली. व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सिअसच्या खाली विद्युतरोधकासारखं वागतं, आणि वर गेलं की धातूसारखं. १९६३ मध्ये जॉन हबर्ड यांनी इलेक्ट्रॉनच्या भांडणाचं सुटसुटीत गणिती मॉडेल लिहिलं. दिसायला एका ओळीचं, पण आपल्या खऱ्या तीन मितींच्या जगासाठी ते आजही पूर्ण सुटलेलं नाही. व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या बाबतीतही वाद आहेच. तिथं अणू जागचे हलून जोड्या करतात, मग करंट थांबतो तो या जोड्यांमुळे की मॉट यांच्या भांडणामुळे, यावर पेपरवर पेपर पडलेत.

मॉट १९७१ मध्ये निवृत्त झाले. आपल्याकडं या टप्प्यावर शाल, श्रीफळ आणि गौरव अंक होतो. यांनी मात्र निवृत्तीच्या आधीच हाती घेतलेला नवा विषय पुढं चालू ठेवला: काचेसारखे पदार्थ, ज्यात अणूंची रांगच नसते. फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये असा पेपर लिहिला होता की पदार्थात पुरेसा गोंधळ असला तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतात. त्याकडं फार कुणी बघितलं नव्हतं. मॉट यांनी तो उचलला, लोकांना पुन्हापुन्हा सांगितला, अँडरसन यांना केंब्रिजला आणलं. १९७७ चं नोबेल मॉट, अँडरसन आणि अँडरसन यांचे गुरू जॉन व्हॅन व्लेक या तिघांना मिळून मिळालं. मॉट तेव्हा ७२ वर्षांचे होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली.

१९८६ मध्ये झुरिकच्या आयबीएम लॅबमधून बातमी आली. बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये तोपर्यंतच्या कुठल्याही पदार्थापेक्षा जास्त तापमानाला अतिवाहकता सापडली, म्हणजे वीज शून्य रोधाने वाहते. आणि या पदार्थाचं मूळ रूप काय होतं? हिशोबाने वीज जायला हवी असा, पण न जाणारा ऑक्साइड. मॉट विद्युतरोधक. त्यात थोडी भेसळ करून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, रिकाम्या सीट तयार केल्या, की तो अतिवाहक होतो.

८१ वर्षांचे मॉट परत कामाला बसले. शेवटच्या दहा वर्षांत त्यांनी या विषयावर पेपर लिहिले, अलेक्झांड्रोव्ह यांच्यासोबत पुस्तकं काढली. त्यांचं स्पष्टीकरण बहुतेकांना पटलं नाही, हेही सांगायला पाहिजे. पण सर्वांना पटणारं स्पष्टीकरण दुसऱ्या कुणाकडूनही अजून आलेलं नाही. ८ ऑगस्ट १९९६ ला मॉट गेले.

त्यांच्यानंतर या गोष्टीत नवा खेळाडू आला, जाडी. १९४९ मध्ये मॉट यांनी अणू लांब नेण्याचा जो खेळ कागदावर मांडला, त्याच्या जवळ जाणारा खेळ आता प्रयोगात करता येतो. निर्वात पेटीत लेझरने किंवा अणूंच्या झोताने ऑक्साइडचे थर एकेक करून रचायचे. एक थर साधारण ०.४ नॅनोमीटरचा. जाड तुकड्यात प्रत्येक अणूला सहा बाजूंनी शेजारी असतात. एकच थर उरला की वरचा आणि खालचा शेजारी गेला. उडी मारायच्या वाटा कमी झाल्या, भांडण मात्र तेवढंच. स्ट्राँशियम व्हॅनेडेट आणि लँथेनम निकेलेट हे एरवी चांगले धातू, पण दोन-तीन थरांवर आणले की करंट थांबतो. पदार्थ तोच, फक्त जाडी कमी केली. आपल्या भागातल्या कॉलेजात फवारून केलेले थर याहून शेकडो पट जाड असतात. त्यांचा उपयोग सेन्सर आणि चार्ज साठवण्यासाठी, त्यामुळे दोन्हीची गल्लत करायला नको. पण दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन भांडखोरच.

आणि निकेल? २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने निकेलच्या एका ऑक्साइडचा साधारण १० नॅनोमीटरचा थर बनवला, त्यातून रासायनिक मार्गाने थोडा ऑक्सिजन काढून घेतला आणि थर उणे २६० अंशांच्या आसपास थंड केला. तो अतिवाहक झाला. मग तोच पदार्थ जाड तुकड्यात बनवून बघितला गेला. त्यात मात्र अतिवाहकता काही सापडली नाही.